फेब्रुवारीत शिट्टी वाजेल, पण आपला संघ कुठला?

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. सध्या जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं वारं आहे, प्रत्येक ग्रुपवर उमेदवारांचे फोटो पडतायत, आणि त्यात मी फुटबॉलचं काय काढलं म्हणून काही जण हसतील. हसा बिनधास्त. पण शेवटपर्यंत वाचलंत तर लक्षात येईल की मी पण निवडणुकीबद्दलच बोलतोय.

आधी बातमी. ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी जाहीर केलं की इंडियन सुपर लीग, म्हणजे आपली आयएसएल, १४ फेब्रुवारीपासून सुरू होणार. सगळे १४ क्लब खेळणार. एरवी ही स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते. यंदा दिवाळी गेली, नाताळ गेला, तरी मैदानावर चेंडू नाही. आता जी होतेय ती पण अर्धीच. प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळणार. एकूण ९१ सामने, म्हणजे एका संघाच्या वाट्याला १३. गेल्या हंगामात साखळीतच २४ होते.

हे असं का झालं ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे फार जणांपर्यंत ते पोचलेलंच नाही. २०१० साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटींना दिले होते. तो करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार, हे १५ वर्षं सगळ्यांना माहीत होतं. लग्नाची तारीख १५ वर्षं आधी ठरलेली असावी आणि आदल्या रात्री मांडव शोधत फिरावं, तसा प्रकार झाला. जुलैत स्पर्धा थांबवली. ऑगस्टमध्ये बंगळुरूसारख्या क्लबनं खेळाडूंचे पगार थांबवले. नोव्हेंबरात नव्या कराराची निविदा उघडली तर एकसुद्धा बोली नाही. जानेवारी लागताच सुनील छेत्री, गुरप्रीत, झिंगन ही मोठी नावं व्हिडिओ काढून फिफाला हात जोडत होती, आमचा खेळ वाचवा म्हणून. देशाकडून खेळलेल्या माणसांवर ही वेळ यावी, ह्याचं मला तरी फार वाईट वाटलं.

आता हंगामाआधी प्रत्येक फुटबॉलवेडा करतो तेच करूया. संघांचा हिशोब मांडूया.

मुंबई सिटी. महाराष्ट्रातला आयएसएलमधला एकमेव संघ, त्यामुळे नाइलाजानं का होईना, आपला. मे २०२४ मध्ये कोलकात्यात जाऊन, भरलेल्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून ह्यांनी चषक आणला होता. पुढच्याच वर्षी गाडी सहाव्या नंबरावर. बाद फेरीत बंगळुरूनं ५-० मारलं. पाच! तो सामना मी संपूर्ण पाहिला, का पाहिला ते विचारू नका. त्यानंतर डिसेंबरात आणखी एक धक्का. मँचेस्टर सिटीचे मालक असलेला सिटी फुटबॉल ग्रुप २०१९ पासून मुंबईत ६५ टक्के भागीदार होता, तो बाहेर पडला. कारण हेच की इथल्या फुटबॉलचं पुढे काय, ते कोणी सांगू शकत नव्हतं. छांगटेसारखा खेळाडू आहे, त्यामुळे संघ अगदीच ढासळेल असं वाटत नाही. पण पहिल्या चारांत आले तर मी पेढे वाटेन, एवढीच अपेक्षा ठेवलीय.

एफसी गोवा. ह्या सगळ्या अंधारात शेजारच्या घरात तेवढा दिवा आहे. मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकला, डिसेंबरात परत जिंकला, ईस्ट बंगालला पेनल्टीत हरवून. मधल्या काळात आशियातल्या मोठ्या क्लबांबरोबर खेळले. ऑक्टोबरात सौदीचा अल नास्र गोव्यात आला, रोनाल्डो आलाच नाही, पण गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसनं त्यांच्यावर गोल मारला. सामना १-२ हरलो, गटातले बाकीचे सामने पण हरलो. तरी तो गोल मोबाइलवर किती वेळा पाहिला ह्याची मोजदाद नाही. १३ सामन्यांच्या छोट्या स्पर्धेत सवयीचा, एकत्र खेळलेला संघ पुढे जातो. माझं मत गोव्याला.

मोहन बागान. गेल्या वर्षी साखळीतला पहिला नंबर पण त्यांचा आणि चषक पण त्यांचा. पैसा आहे, खेळाडू आहेत, पाठीराखे तर विचारूच नका. त्यांना कोणी हरवलं तर मजा येईल, एवढंच म्हणतो.

आणि आता स्पोर्टिंग क्लब दिल्ली. ह्यांच्याबद्दल जरा जास्त बोलायचंय, कारण ही गोष्ट आपल्या बालेवाडीतून सुरू होते.

२०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा पुण्याला संघ होता. एफसी पुणे सिटी. किकवीहून हायवेला लागलं की खेड शिवापूरचा टोलनाका, कात्रजचा नवा बोगदा, वारजे, चांदणी चौक, आणि सरळ बालेवाडी. पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रात्रीचा सामना बघून माणूस बारा-साडेबाराला घरी येऊ शकत होता. २०१७-१८ ला तर आपण उपांत्य फेरीत होतो. मार्सेलिन्हो आणि अल्फारो भरात होते. पुण्यातला सामना ०-० सुटला, आणि बंगळुरूत छेत्रीनं तीन गोल मारून आपल्याला घरी पाठवलं. त्या रात्री वाटलं होतं की पुढच्या वर्षी बघून घेऊ. पुढचं वर्ष जेमतेम एकच मिळालं. २०१९ मध्ये क्लब बंद. मालकांची आर्थिक अडचण, आणि आयएसएलमधली ती जागा गेली हैदराबादला. हैदराबादनं तीन वर्षांत, २०२१-२२ ला, स्पर्धा जिंकूनसुद्धा दाखवली. मग तिथेही पैशांचे वांधे झाले, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तोच क्लब उचलून दिल्लीला नेला. म्हणजे पुण्याची जागा हैदराबादमार्गे दिल्लीला पोचली. एवढ्या वेळा तर आपल्याकडे मास्तरांच्या पण बदल्या होत नाहीत.

ह्यातली एक गंमत सांगतो. हैदराबादच्या त्या विजेत्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला, रिक्षा चालवणाऱ्या बापाचा पोरगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला. कोल्हापुरात जन्मला, पुण्यात घडला, आणि चषक उचलला हैदराबादसाठी. आपल्याकडे खेळाडू नव्हता असं नाही. त्याला खेळायला आपल्याकडे क्लब राहिला नव्हता.

आणि पुण्यात हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. पुणे एफसी २००७ ला सुरू झाला, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये देशात दुसरा आला, २०१५ ला गुंडाळला. भारत एफसी एक हंगाम टिकला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम. मग पुणे सिटी. बारा वर्षांत चार क्लब आले आणि गेले. प्रत्येक वेळी नवा झेंडा, नवी जर्सी, नवं घोषवाक्य. पाठीराख्यांनी तरी किती वेळा नव्यानं प्रेम करायचं?

देशाच्या संघाचं तर बोलूच नये असं वाटतं, पण बोलतो. आशिया चषक २०२७ ची पात्रता फेरी. गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. कागदावर सगळे आपल्या आवाक्यातले. मार्चमध्ये बांगलादेशाशी ०-०. निवृत्त झालेल्या चाळिशीच्या छेत्रीला परत बोलावलं होतं, ह्यावरून ओळखा. जूनमध्ये हाँगकाँगमध्ये ०-१. ऑगस्टमध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले, त्यांनी मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीत हरवून तिसरा नंबर मिळवला, जरा बरं वाटलं. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून १-२ हरलो आणि पात्रतेची आशा तिथेच संपली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१. जागतिक क्रमवारीत १४२ वा नंबर. १९९६ मध्ये आपण ९४ वर होतो.

ज्या दिवशी आपण ढाक्यात हरलो, १८ नोव्हेंबरला, त्याच दिवशी तिकडे किंग्स्टनमध्ये क्युरासाव नावाच्या बेटानं जमैकाशी ०-० बरोबरी केली आणि २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली. ह्या बेटाची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. आपल्या भोर तालुक्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ह्याहून जास्त आहे! आता लगेच कोणी म्हणेल की त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये वाढले, तिथेच शिकले. अगदी बरोबर. माझा मुद्दाही तोच आहे. नेदरलँड्समध्ये काय वेगळी माती आहे? तिथे गल्लीगल्लीत क्लब आहे आणि क्लबाला मैदान आहे. त्याच रक्ताची पोरं तिथे खेळून विश्वचषकाला जातात.

मुलींचं कौतुक मात्र करायलाच पाहिजे. जुलैत थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवून आपल्या महिला संघानं पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात स्पर्धा आहे. पुरुषांच्या सामन्यावर जेवढी चर्चा झाली त्याच्या चार आणे तरी ह्या मुलींवर करा.

आणि ह्याच वर्षात मेस्सी येऊन गेला. कोलकात्यात खुर्च्या उखडल्या, बाटल्या फेकल्या. मुंबईत, १४ डिसेंबरला वानखेडेवर, सगळं शिस्तीत झालं. राज्य सरकारच्या 'प्रोजेक्ट महादेवा'ची सुरुवात पण त्याच्या हस्ते झाली. राज्यभरातून १३ वर्षांखालची ३० मुलं आणि ३० मुली निवडून त्यांना पाच वर्षं शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण. योजना चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही. त्या ६० पोरांचं भलं होवो. पण महाराष्ट्रात जिल्हे ३६ आहेत. जिल्ह्याला दोन पोरं सुद्धा होत नाहीत. आणि निवड चाचणीला जायच्या आधी पोरानं चेंडू कुठे मारायचा?

इथे मला पुणेरी पलटणचं उदाहरण द्यायचंय. प्रो कबड्डी पण २०१४ लाच सुरू झाली, आयएसएलच्या तीन महिने आधी. पलटण पण पुण्याची, बालेवाडीचीच. २०२४ च्या मार्चमध्ये विजेती, पुढचा हंगाम अगदीच फसला, आणि आता ऑक्टोबर २०२५ मध्ये परत अंतिम फेरीत. दिल्लीकडून २८-३१ हरलो, हळहळ वाटली, पण पुढच्या वर्षी पलटण असणार ह्याची कोणाला शंका आहे का? एकाच वर्षी, एकाच शहरात सुरू झालेले दोन संघ. एक आज पाय रोवून उभा आहे, दुसऱ्याची जर्सी कपाटात सापडते.

कबड्डीला पैसा कमी लागतो, हे एक कारण झालंच. पण दुसरं कारण आपल्या गावात आहे. कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. गुंठ्यात सांगायचं तर सव्वा गुंठा. देवळामागे, शाळेच्या अंगणात, तालमीशेजारी कुठेही आखता येतं. म्हणून गावोगाव संघ आहेत, जत्रेत सामने आहेत, गावातून तालुका, तालुक्यातून जिल्हा अशी वाट आहे. वर पलटण डळमळली तरी खालचा पाया हलत नाही.

फुटबॉलचं पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटर. म्हणजे सत्तर गुंठे. पावणेदोन एकर! हायवेच्या कडेला, कापूरहोळ ते सारोळा ह्या पट्ट्यात, पावणेदोन एकर म्हटलं की माणसं आधी प्लॉट किती पडतील ते मोजतात. त्यांना दोष देत नाही, ज्याची जमीन त्याचा हिशोब. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत किती मोकळ्या जागांना तारेचं कुंपण पडलं ते आठवून बघा. सुगी झाली की पोरं ज्या रानात खेळायची, तिथे आता बोर्ड आहेत. संध्याकाळी पोरं सर्व्हिस रोडच्या कडेला खेळतात, चेंडू हायवेकडे गेला की पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. त्यांच्या पाठीवर १० नाहीतर ७ नंबर असतो. मेस्सी-रोनाल्डो घराघरात पोचलेत, चेंडू ठेवायला जागा तेवढी नाही.

ह्याच हायवेनं दुसऱ्या दिशेला, सातारा-कऱ्हाड करत साधारण १८० किलोमीटर गेलं की कोल्हापूर. तिथे आयएसएलचा संघ नाही, परदेशी भागीदार नाही, सिनेमातला मालक नाही. तरी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाचा सामना असला की शहरात दुसरा विषय नसतो. दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, जुना बुधवार. नावं बघा. बऱ्याचशा तालमी आहेत. कुस्तीसाठी उभ्या राहिल्या आणि फुटबॉलचे संघ पण त्यांनीच पोसले. पेठेतली वर्गणी, पेठेतली पोरं, पेठेची इज्जत. सगळं गोड आहे असं नाही. तिथली हुल्लडबाजी, प्रेक्षकांचे राडे, थांबलेले सामने, हे पण आपण वाचलंय आणि ते वाईटच आहे. पण एक गोष्ट बघा. दिल्लीत कोणत्या कराराची मुदत संपली, कोणत्या निविदेला बोली आली नाही, ह्यानं पाटाकडील तालीम बंद पडत नाही. कोणी ती उचलून दुसऱ्या गावाला नेऊ शकत नाही. तिचा मालक म्हणजे ती पेठ.

म्हणून यंदाच्या हंगामाआधी माझ्या डोक्यात कोण जिंकणार हा विचार कमी आणि हा जास्त चाललाय. गेल्या वर्षानं आपल्याला दाखवून दिलं की वरून टांगलेला फुटबॉल दोरी तुटली की खाली येतो. मुंबईचा भागीदार गेला, पुण्याची जागा दिल्लीला गेली, देशाची स्पर्धा पाच महिने अडकली. आपण किकवीत बसून ह्यातलं काहीच दुरुस्त करू शकत नाही. पण आपल्या हातात एक गोष्ट आहे, आणि ती मागायची हीच वेळ आहे.

आपल्या दारात सध्या जे जे मतं मागायला येतायत, कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांना मी एकच विचारतोय. पावणेदोन एकर नको. पाच-पाच जणांच्या फुटबॉलला ४० बाय २० मीटर पुरतं. म्हणजे आठ गुंठे. आपल्या गटात गावठाणाची, गायरानाची, शाळेलगतची आठ गुंठे जागा मोजून, सपाट करून, 'खेळाचं मैदान' म्हणून कागदावर नोंदवून देणार का? गायरानाला सरकारी परवानगी लागते हे माहीत आहे, तो पाठपुरावा करायलाच तर माणूस निवडून द्यायचा. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलेलं आहे, त्यामुळे ही काही मेहेरबानी नव्हे. हायमास्ट आणि कमान नंतर बघू. आधी जागा. कारण कमान कधीही बांधता येते, गेलेली जागा परत येत नाही. आठ गुंठ्यांत कबड्डीची दोन मैदानं पण बसतात आणि वर जागा उरते, म्हणजे कबड्डीवाल्यांनी माझ्यावर चिडायचं कारण नाही.

तालुक्याचं क्रीडा संकुल हा ह्याला पर्याय नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. दहा वर्षांचं पोरगं, आणि पोरगी तर नाहीच, शाळा सुटल्यावर कापूरहोळला वळून भोरला जाऊन खेळणार नाही. मैदान चालत जाता येईल एवढं जवळ पाहिजे. आईनं हाक मारली की ऐकू येईल एवढं.

आत्तापर्यंत दोघांनी "बघू, करू" म्हटलंय. एकानं विचारलं, "फुटबॉल कोण खेळतं आपल्याकडं?" मी त्याला म्हटलं, सर्व्हिस रोडला संध्याकाळी पाच वाजता या, दाखवतो. अजून आला नाही. मतदानाच्या आधी आला तर इथे कळवेनच.

१४ फेब्रुवारीला सामने सुरू होतील. ज्यांना बघायचेत त्यांनी सांगा, एकत्र बसू, चहा माझ्याकडून. मुंबईवाले, गोव्यावाले, सगळे या. आणि आपल्या आसपास, केंजळ, न्हावी, सारोळा, कुठल्याही गावात अशी आठ गुंठ्यांची मोकळी सरकारी जागा तुम्हाला माहीत असेल, तर खाली कमेंटमध्ये गावाचं नाव आणि जागा कुठे आहे ते लिहा. यादी करतोय. निवडून कोणीही येवो, पहिल्या आठवड्यात ती यादी त्यांच्या टेबलावर असेल.